रील्स पाचशे, प्रवास शून्य

प्रश्न: मी सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे, वय ४६. घरात आम्ही पाच जण: मी, हे, ७६ वर्षांच्या सासूबाई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि नववीतला १४ वर्षांचा मुलगा. दर सुट्टीत 'यंदा जाऊच' म्हणतो आणि घरीच बसतो. हंपी-बदामी बघायची माझी फार इच्छा आहे. एका टूरवाल्यानं पाच जणांचे चार दिवसांचे ६८ हजार सांगितले. ते ऐकून ह्यांनी विषयच बंद केला. मुलगी म्हणते, एवढ्यात व्हिएतनाम होतं. सासूबाई म्हणतात, देवळाशिवाय मला काही दाखवू नका. माझ्या फोनमध्ये शेकडो रील्स सेव्ह आहेत, पण त्या बघून डोकं आणखीच गरगरतं. ऑनलाइन बुकिंगची भीतीही वाटते, शेजारच्यांचे पैसे बुडालेत. तुम्ही कुठल्या साइट्स बघता? आवडत्या साइट्सची यादी द्याल का? स्वस्तात प्रवास खरंच होतो का?
(सोलापूरहून एक वाचक)

उत्तर:

ताई, यादी हवी तर पाच मिनिटांत देईन, पण ती त्या शेकडो रील्सच्या शेजारी जाऊन पडेल. तुमच्याकडे माहिती कमी नाही. कुठे जायचं हे ठरवणं, खर्च काढणं आणि पैसे भरणं ही तीन कामं तुम्ही एकाच पडद्यावर, एकाच बैठकीत उरकायला बघताय, घोळ तिथे आहे. जी साइट मनाला ओढ लावते ती खर्चाचं खरं सांगत नाही. जी खरं भाडं सांगते ती इतकी रुक्ष असते की तिथे दोन मिनिटं बसवत नाही. आणि पैसे भरायची जागा या दोन्हींहून वेगळीच ठेवायची. म्हणून यादीऐवजी तुमची हंपी-बदामीचीच सहल घेते आणि कुठल्या कामाला मी काय उघडते ते सांगते. व्हिएतनामकडे शेवटी येऊ.

सुरुवात सासूबाईंपासून करा. पंढरपूर तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हा ही कथा त्यांनी बहुधा कीर्तनात ऐकली असेल: विजयनगरच्या कृष्णदेवरायानं पंढरीचा विठ्ठल हंपीला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. इतिहास म्हणून यावर वाद घालता येईल, वारकऱ्यांच्या मनात मात्र ही कथा पक्की आहे. हंपीचं विठ्ठल मंदिर, म्हणजे पन्नासच्या नव्या नोटेवरचा तो दगडी रथ ज्याच्या आवारात आहे ते, आज मूर्तीविना उभं आहे. गाभारा रिकामा. हे सासूबाईंना सांगा आणि मग बघा, 'देवळाशिवाय काही नको' म्हणणाऱ्या बाई स्वतःच पिशवी भरायला घेतात की नाही. बदामीजवळची बनशंकरी तर सोलापूरकडच्या कितीतरी घरांची कुलदेवी. तुमचीही असेल तर अर्धं भांडण तिथेच मिटलं.

प्रेरणा म्हणून मी जे वाचते ते असलं असतं. आपल्या मराठी विश्वकोशाचे खंड इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. एखाद्या गावाला जायच्या आधी त्या गावाची, तिथल्या राजवंशाची आणि शिल्पशैलीची नोंद वाचायला अर्धा तास पुरतो. चालुक्यांवरचं वाचून गेलात तर बदामीच्या तिसऱ्या लेण्यातला शिलालेख नुसता कोरलेला दगड राहत नाही. शके ५००, म्हणजे इ.स. ५७८ चा तो लेख आहे, आणि इतकी नेमकी तारीख सांगणारी लेणी आपल्याकडे फार नाहीत. मुलीचं इंग्रजी बरं असेल तर तिला मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमधला, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथांतला, १८८४ चा विजापूर खंड उघडून द्या. बदामी त्या काळी मुंबई इलाख्यात होती. त्याची स्कॅन केलेली प्रत इंटरनेट अर्काइव्हवर आहे. भाषा जुनी आणि साहेबी, काही शेरे वाचून चीड येईल, पण कुठल्या देवळाला किती खांब आणि तळं कुठल्या बाजूला हे त्या लोकांनी ज्या चिकाटीनं लिहिलंय त्याला तोड नाही.

सहलीची आखणी करायला माझी सगळ्यात आवडती साइट म्हणजे विकिव्हॉयेज. विकिपीडियाच्याच कुटुंबातली आहे, २०१३ पासून विकिमीडियाकडे. जाहिरात नाही, कमिशन नाही. मराठीत अजून नाही, इंग्रजी किंवा हिंदीत वाचावी लागते. प्रत्येक गावाचं पान एकाच साच्यात असतं: तिथे पोचायचं कसं, गावात फिरायचं कसं, बघायचं काय, खायचं कुठे, आणि राहायच्या जागा स्वस्त, मध्यम, महाग अशा वेगळ्या केलेल्या. मी आधी 'पोचायचं कसं' हा भाग वाचते. तो वाचून उत्साह टिकला तरच पुढे.

पण तिथेही आणि इतर कुठेही, मजकूर कधी लिहिलाय ते बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. हंपीचंच उदाहरण घ्या. जुन्या प्रवासवर्णनांत आणि व्हिडिओंत नदीपलीकडच्या विरुपापुर गड्डेची तोंड भरून स्तुती असते: भातशेतीच्या काठची स्वस्त गेस्ट हाउसं, झोपाळे, परदेशी पोरंपोरी. ती गेस्ट हाउसं आता नाहीत. बांधकामं बेकायदा ठरली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२० च्या मार्चमध्ये ती पाडण्यात आली. तरी ते व्हिडिओ आजही फिरतायत, कारण फोनला तारखेचं सोयरसुतक नसतं. तुमच्या सेव्ह केलेल्या रील्समध्ये नदीकाठचं झोपाळ्याचं गेस्ट हाउस असेल तर ते आजच्या नकाशावर एकदा शोधून बघा.

रील्सचा आणखी एक दोष म्हणजे त्या अंतरं खातात. 'तीन दिवसांत हंपी, बदामी, गोकर्ण' असलं काही दिसलं की सरळ नकाशा उघडून दोन ठिकाणांमधला वेळ बघा, आणि सासूबाई बरोबर आहेत म्हणून त्यात थोडी भर घाला. गोकर्ण या सहलीतून काढून टाका. समुद्र वेगळ्या सुट्टीत बघता येईल.

आता खर्च, म्हणजे तुमच्या ह्यांचा प्रांत. ६८ हजारांत तुम्हाला मुख्यतः दारापासून दारापर्यंत गाडी आणि 'तुम्ही काही बघू नका' ही निश्चिंती मिळते. त्यात लबाडी नाही, तो धंदा आहे, आणि ज्यांना ती निश्चिंती हवी त्यांनी जरूर विकत घ्यावी. पण सोलापूरकरांना या वाटेवर गाडीची गरजच नाही. मुंबई–होसपेटे एक्सप्रेस (११‍१३९) सोलापूरवरून विजयपुरा (आपलं विजापूर), बागलकोट, बदामी, गदग करत होसपेटेला, म्हणजे हंपीजवळच्या स्टेशनला, जाते. तुमची दोन्ही ठिकाणं एकाच गाडीच्या वाटेवर! आधी बदामीला उतरा, दोन रात्री राहा, मग त्याच गाडीनं पुढे होसपेटे, आणि परतीला ११‍१४० नं थेट सोलापूर. स्लीपरनं पाच जणांचं एका बाजूचं भाडं हॉटेलातल्या एका जेवणाच्या बिलाच्या आसपास येतं. हा शोध मला कुठल्या ट्रॅव्हल ब्लॉगवर लागला नाही, रेल्वेच्या वेळापत्रकात लागला. तुमच्या स्टेशनवरून सुटणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांची यादी काढून त्या कुठे कुठे थांबतात हे एका दुपारी बघत बसा. रेल्वेचं एनटीईएस अ‍ॅप त्याला पुरतं, आणि गाडी सध्या रोज आहे का, वेळ बदलली का, तेही तिथेच कळतं. इतर देशांत रेल्वेनं फिरायचं असेल तर 'सीट सिक्स्टीवन' ही एका माणसानं २००१ पासून चालवलेली साइट आहे. मार्क स्मिथ हे आधी ब्रिटनच्या रेल्वेत नोकरीला होते. कुठल्या देशात तिकीट कुठे मिळतं, डब्यात बसायला काय असतं, हे त्यांच्याइतकं नीट कुणी लिहीत नाही.

आरक्षणाची खिडकी आता साठ दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ती १२० दिवस होती, त्यामुळे जुने लेख वाचून चार महिने आधी बसाल तर काही हाती लागणार नाही. साठाव्या दिवशी सकाळी आठला आयआरसीटीसीवर बसायचं, आणि त्याआधी खातं आधारशी जोडून ठेवायचं, कारण खिडकी उघडताच तिकीट काढायचं तर आता ते लागतं.

आता एक खास तुमच्या घरासाठी. पाचही जणांचं एकच तिकीट काढू नका. रेल्वेत लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे: ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया. अट अशी की तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी हवेत आणि दोघंही या वयात बसणारे हवेत. तुम्ही ४६ आणि सासूबाई ७६, तुमची दोघींची जोडी या कोट्यात चपखल बसते. तुमचं दोघींचं एक तिकीट, उरलेल्या तिघांचं दुसरं. डबे वेगळे आले तर मुलं खाणंपिणं घेऊन ये-जा करतील, सासूबाईंना वरच्या बर्थवर चढवण्यापेक्षा ते बरं. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती पुन्हा सुरू झालेली नाही, तेव्हा तिच्या आशेवर हिशोब मांडू नका.

एसटीनं जायचा विचार असेल तर महिलांची अर्ध्या तिकिटाची आणि ७५ वर्षांवरच्यांची मोफत प्रवासाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते. विजयपुऱ्याच्या गाडीत बसलात तरी सीमेपलीकडचं भाडं भरावं लागतं. आणि कर्नाटकात बायकांना बस फुकट असते हे तुम्ही ऐकलं असेल, ते कर्नाटकच्या रहिवासी स्त्रियांसाठी आहे. आपण तिकीट काढायचं आणि गुपचूप बसायचं.

प्रवास स्वस्त होतो तो तारखेनं, हे मी प्रत्येकाला सांगते आणि कुणाला ते आवडत नाही. सवलतीचे कोड शोधण्यात दोन तास घालवून दोनशे रुपये वाचतात. तेच सगळे निघतात ते दिवस सोडून निघालात तर खोल्यांचे भाव उतरलेले असतात आणि गर्दीही कमी असते. शिक्षिका असल्यामुळे तुम्हाला सुट्टीबाहेर निघता येत नाही हे खरं, पण सुट्टीच्या आतले दिवस तरी निवडता येतात. निघायच्या आधी दोन गोष्टी तेवढ्या बघून घ्या: हंपी उत्सवाच्या तारखा आणि, पौषात जात असाल तर, बनशंकरीची जत्रा. त्या दिवसांत खोली शोधणं म्हणजे हाल. एप्रिल-मेमध्ये मात्र फुकट मिळालं तरी जाऊ नका. हंपीचे दगड त्या दिवसांत तापतात ते संध्याकाळ उलटली तरी निवत नाहीत.

राहायच्या जागेसाठी कर्नाटक पर्यटन महामंडळाची मयूरा हॉटेलं बघा. बदामीत मयूरा चालुक्य, हंपीजवळ कमलापुरात मयूरा भुवनेश्वरी. सरकारी कारभार आहे, टॉवेलाबद्दल फार अपेक्षा नको, पण जागा मोक्याच्या आहेत आणि आवारं मोठी. खासगी हॉटेल हवं असेल तर बुकिंगच्या मोठ्या अ‍ॅपवर शोधा, पण तिथे दोन गोष्टी न चुकता करा. पहिली, नकाशावर जागा बघा. 'हंपीजवळ' म्हणून दाखवलेली निम्मी हॉटेलं होसपेट्यात असतात, म्हणजे तेरा-एक किलोमीटर लांब. बस आहे, त्यामुळे ते वाईट नाही, फक्त आधी माहीत असावं. दुसरी, अभिप्राय 'नवीन आधी' असे लावून घ्या आणि तीन तारेवाले वाचा. पाचवाले खूश असतात, एकवाले भांडून आलेले असतात, तीनवाले गिझर चालतो की नाही ते सांगतात. पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा, हॉटेलनं टाकलेले नव्हे. मग हॉटेलचा नंबर शोधून थेट फोन करा आणि भाव विचारा. अ‍ॅपला द्यायचं कमिशन वाचतं म्हणून बरेच जण काही कमी करतात. सासूबाईंसाठी तळमजला हवा, हेही फोनवरच पक्कं होतं.

स्मारकांची तिकिटं पुरातत्त्व खात्याची, त्यात लपवाछपवी नाही. हंपी आणि बदामीजवळच्या पट्टदकलसारख्या जागतिक वारसा स्थळांना भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना काही नाही, म्हणजे तुमचा मुलगा फुकट. विठ्ठल मंदिराचं तिकीट फाडून टाकू नका, त्याच दिवशी ते कमल महालाच्या आवारात आणि कमलापूरच्या संग्रहालयातही चालतं. विठ्ठल मंदिरापर्यंतचा शेवटचा टप्पा बॅटरीवरच्या गाडीनं जाता येतं, सासूबाईंची काळजी नको. बदामीच्या लेण्यांना मात्र पायऱ्या बऱ्याच आहेत आणि माकडं फार. त्या सकाळी सासूबाईंना बनशंकरीच्या तळ्याकाठी बसवा. तिथे बायका टोपल्यांतून ज्वारीची भाकरी, चटणी, दही घेऊन बसतात, आणि सोलापूरच्या माणसाला याहून वेगळं काय हवं? पट्टदकल आणि ऐहोळे बदामीहून एका दिवसात होतात. पाच जण आहात, तेव्हा दिवसभराची गाडी ठरवा. इथे पैसे वाचवायला जाऊन उन्हात बसची वाट बघू नका.

फसवणुकीची तुमची भीती रास्त आहे, आणि मला वाटतं तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. सध्या चोरांची आवडती जागा म्हणजे देवस्थानं: भक्तनिवासांच्या खोट्या साइट्स, केदारनाथच्या हेलिकॉप्टरची खोटी बुकिंग. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं याबद्दल लोकांना सावध केलं आहे. केदारनाथचं हेलिकॉप्टर फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरच मिळतं, दुसरा कुणी देत असेल तर तो चोर. पद्धत बहुतेक वेळा सारखीच असते. तुम्ही गुगलवर भक्तनिवासाचं नाव टाकता, सगळ्यात वर जे येतं त्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, म्हणजे कुणीतरी पैसे भरून ते वर आणलेलं असतं. साइट हुबेहूब, फोटो खरे. पुढे व्हॉट्सॲपवर बोलणं, आणि मग एखाद्या माणसाच्या नावाच्या यूपीआयवर आगाऊ रक्कम. तिथेच थांबायचं. संस्थानाचे पैसे संस्थानाच्या नावानं जातात, कुणा व्यक्तीच्या नावानं जात नाहीत. यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, ते वाचायची सवय घरात सगळ्यांना लावा. नंबर शोधायचा तो देवस्थानाच्या पावतीवरून किंवा जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाकडून. आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त. हे शेजारच्यांनाही सांगा.

मुलाला काय हवंय ते तुम्ही लिहिलं नाही. नववीतला मुलगा देवळं बघून कंटाळणार, हे गृहीत धरून चाला. त्याला यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या साइटवरचे ट्रेकिंग कॅम्प दाखवा. सभासद होऊन माफक पैशांत जेवण, तंबू आणि वाटाड्या मिळतो, आणि महाराष्ट्रातली कितीतरी पोरं पहिल्यांदा हिमालयात गेली ती अशीच. या सहलीत त्याच्याकडे नकाशा द्या. गुगल मॅप्सवर बदामी आणि हंपीचा भाग घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचं काम त्याचं, म्हणजे रेंज नसली तरी वाट सापडते.

आता व्हिएतनाम. 'एवढ्यात व्हिएतनाम होतं' हे मुलगी बहुधा एका माणसाच्या विमान तिकिटाचा आकडा बघून म्हणतेय. तिला बसवा आणि पाच जणांनी गुणायला लावा. गुगल फ्लाइट्सवर तारखांची जाळी दिसते, कुठल्या दिवशी गेलं आणि कुठल्या दिवशी आलं तर किती, ते एका नजरेत कळतं. स्कायस्कॅनरवर 'कुठेही' असं टाकलं की आपल्या तारखांना कुठलं ठिकाण स्वस्त पडतं ते येतं. दोन्ही शोधायला उत्तम. तिकीट मात्र शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर काढावं, म्हणजे विमान रद्द झालं तर भांडायला एकच पक्ष उरतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा त्यांच्या सरकारी साइटवर एका प्रवेशासाठी २५ डॉलरला मिळतो. त्यासारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट्स त्याचेच दुप्पट-तिप्पट घेतात. पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट व्हीएन' असा आहे का, ते तिनं स्वतः बघावं.

तोवर बदामीची आरक्षणं तिलाच काढू द्या. खर्चाचा कागदही तिनंच मांडावा आणि तुमच्या ह्यांच्या पुढ्यात ठेवावा. एकदा ६८ हजारांच्या शेजारी तिचा आकडा दिसला की बंद केलेला विषय ते आपणहून उघडतील. कागदावर किरकोळ खर्चासाठी एक ओळ सोडायला सांगा, इलकल साडी बदामीहून फार लांब नाही.